चुकवायचा बॉल

बास्केटबॉलमध्ये बॉल रिंगमध्ये टाकण्यापेक्षा तो ठरवून चुकवणं जास्त अवघड असतं, असं मी म्हटलं की लोक हसतात. आम्हाला तर न ठरवता जमतं, म्हणतात. मीही हसते. सगळं मैदान गप्प झालेलं असताना हातातल्या बॉलला 'आत जाऊ नकोस' असं ज्यानं कधी सांगितलेलं नाही, त्याच्याशी वाद घालण्यात काही अर्थ नसतो. माझ्या बाबतीत तर अडचण आणखी पुढची होती. तो बॉल टाकणारा हात माझा आहे का, याचीच मला खात्री नव्हती.

आता हे ऐकून कुणी भुताची गोष्ट म्हणून सरसावून बसलं असेल, तर त्यानं जरा मागं सरकावं. भुतांचं मला काही कळत नाही. मी रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करते आणि काचेखाली जे दिसत नाही त्यावर सही करत नाही. फ्री थ्रोचं मात्र मला कळतं. समोरच्या टीमच्या कुणी धक्का दिला, की पंच तुम्हाला रिंगसमोरच्या रेषेवर उभं करतात. कुणी अडवत नाही, कुणी अंगावर येत नाही. तुम्ही, बॉल आणि रिंग. गेला तर एक गुण. इतकं सोपं असतं, म्हणून तर माणूस तिथं घाबरतो.

आमचं घर सोलापूरच्या पूर्व भागात, यंत्रमागांच्या गल्लीत. मागांची खटखट आम्हाला ऐकू येत नाही; ती थांबली की ऐकू येते. लाईट गेली की सगळी गल्ली एकदम दचकल्यासारखी गप्प होते आणि घराघरातली माणसं उगाच हळू आवाजात बोलायला लागतात. वडील मागावर आणि अम्मा घरात विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, ओल्या फडक्यात गुंडाळलेली टेंभुर्णीची पानं, कात्री आणि दोरा. हाताकडं ती बघायची नाही. टीव्ही बघत, शेजारणीशी भांडत, डुलक्या घेतसुद्धा तिची बोटं चालू असायची. घरात आम्ही तेलुगू बोलतो, पण अम्माच्या बोलण्यात निम्मं सोलापूरचं मराठी असतं, म्हणून इथं सगळं मराठीतच सांगते.

मी डावखुरी. अम्माला ते कधी आवडलं नाही. तिनं मला विडी वळायला शिकवली तेव्हा माझी विडी उलट्या अंगानं वळली जायची. कारखान्यात विड्या तपासणारा माणूस माझ्या विड्या बोटानं उडवून छाटमध्ये टाकायचा, म्हणजे बाद. अम्मानं सूप माझ्या पुढ्यातून ओढून घेतलं आणि म्हणाली, "तुझ्या हाताचं काय सरळ येतच न्हाय." रागानं म्हणाली नाही, पावसापाण्याबद्दल बोलावं तशी म्हणाली. ते जास्त लागतं.

माझी थोरली बहीण, म्हणजे अक्का, उजव्या हाताची होती. तिचं सगळं सरळ यायचं. विडी सरळ, अक्षर सरळ आणि बॉल तर इतका सरळ जायचा, की रिंगच्या लोखंडाला कळायचंही नाही. चिंचोळी एमआयडीसीत तिला नोकरी लागली तरी सुट्टीच्या दिवशी ती मैदानावर यायची. मी रिंगखाली उभी राहून तिचे बॉल परत द्यायचे. तिची एक रीत होती. बॉल फिरवून हवा भरायचं छिद्र वर आणायचं. तळवा कमरेला पुसायचा. मग मान उजवीकडं थोडी कलती करायची, शेजारच्या खोलीतून कुणी हाक मारली का ते ऐकतेय अशी. आणि टाकायचा. मी तिला खूपदा विचारलं, की काय ऐकतीस? ती म्हणायची, "काय न्हाय गं. तू बॉल दे."

अक्का डेंग्यूनं गेली. ताप आला, उतरला, सगळे म्हणाले बरी झाली, आणि मग ती गेली. मी तेव्हा कॉलेजात होते. एका सतरंजीवर आम्ही दोघी झोपायचो. ती पसरून झोपायची आणि मी रोज रात्री म्हणायचे, "अक्का, सरक की." ती झोपेतच सरकायची. ती गेल्यावर सगळी सतरंजी माझी झाली आणि मी एका कडेला अंग चोरून झोपायला लागले.

अम्मानं सूप फळीवर ठेवून दिलं. दाराशी बसून राहायची. जेवायला बोलावलं तर येऊन ताटापुढं बसायची, इतकंच. पण तिची बोटं चालू होती. सूप नाही, पान नाही, तंबाखू नाही, आणि बोटं विड्या वळतायत. वडील तिचा हात हातात धरायचे, की बोटं थांबायची. सोडला की पुन्हा सुरू. ती बोटं बघवायची नाहीत. घरात बसवेना म्हणून मी मैदानावर जायला लागले.

आमच्या क्लबचं सिमेंटचं मैदान एका शाळेच्या मागं आहे. संध्याकाळची वेळ मुलांची. मुलींना दुपार. सोलापूरची दुपार ज्यांनी अंगावर घेतलीय त्यांना यातला न्याय कळेल. सिमेंट तापून बुटातून चटका बसायचा, भिंतीपलीकडं मागांचा कारखाना खटखटायचा, आणि उजेड इतका पांढरा असायचा की माणसाची सावली पायाखालीच गोळा व्हायची. लोकांना रात्रीची भीती वाटते. मला विचाराल तर रात्री निदान आडोसा असतो. दुपारी सगळं उघड्यावर असतं.

अशाच एका दुपारी मी इतरांच्या आधी येऊन रेषेवर उभी राहिले आणि भिंतीपलीकडची लाईट गेली. माग थांबले. त्या शांततेत मी बॉल टाकला आणि तो रिंगमध्ये गेला. परत टाकला, परत गेला. हे चांगलंच होतं, कारण माझा फ्री थ्रो म्हणजे टीमची डोकेदुखी होती. माझा बॉल हमखास रिंगच्या पुढच्या कडेवर आपटून परत यायचा. मी आणखी टाकत राहिले. आम्हाला शिकवणारे सर मागं येऊन उभे राहिलेले मला कळलं नाही.

"हात कधी बदललास?" ते म्हणाले.

मी खाली बघितलं. बॉल उजव्या हातावर होता.

"मी न्हाय बदलला," मी म्हणाले, आणि हे उत्तर मूर्खपणाचं आहे हे म्हणताना कळत होतं. सर आमचे जुने, अक्कालाही त्यांनीच शिकवलेलं. त्यांनी टोपी काढून घाम पुसला, टोपी परत घातली आणि म्हणाले, "असू दे. जातोय न्हवं, मग असू दे."

खेळताना मी डावरीच राहिले. पळणं, पास, घुसणं सगळं डाव्या हातानं. फक्त फ्री थ्रोच्या रेषेवर गेलं, पंचांनी बॉल हातात दिला, की तो आपोआप उजवीकडं जायचा. आमच्या कॅप्टननं एकदा मोबाईलवर व्हिडिओ काढला. पाठमोरी मुलगी, तळवा कमरेला पुसते, मान उजवीकडं कलती करते. मी म्हणाले, "अक्काचा जुना व्हिडिओ तुझ्याकडं कसा?" कॅप्टन माझ्याकडं बघत राहिली. मग तिनं तो पुढं सरकवला, आणि त्या मुलीनं वळून तोंड दाखवलं, तर ती मी होते.

सर म्हणाले, इतकी वर्षं रिंगखाली उभी राहून तिला बघितलंस, ते अंगात मुरलं. मलाही ते पटलं. लॅबमध्येसुद्धा हेच म्हणतील. पण डोळ्यांनी बघितलेलं हातात कसं मुरतं, आणि तेही चुकीच्या हातात, हे मला अजून कुणी नीट सांगितलेलं नाही.

मग एक दिवस अम्मा मैदानावर आली. वडील कामावर, तिला शेजारणीबरोबर दवाखान्यात जायचं होतं, आणि घराची किल्ली मला द्यायची होती. फाटकाशी डोक्यावर पदर घेऊन उन्हात उभी. मी तेव्हा रेषेवर होते. बॉल टाकून वळले तर अम्मा मैदानाच्या आत आलेली आणि तिची बोटं थांबलेली. त्यांच्यावर कुणी हात ठेवलेला नव्हता, ती आपली आपण थांबलेली होती. ती माझ्याकडं बघत नव्हती. मी जिथं उभी होते तिथं बघत होती. यातला फरक ज्याला कळतो त्याला कळतो.

त्या संध्याकाळी तिनं फळीवरून सूप काढलं, पानं भिजवली आणि ती पोटभर जेवली. वडील स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून डोळे पुसत होते. मला आनंद झाला, आणि आनंदाच्या खाली कुठं तरी काही तरी टोचलं, पण तेव्हा मी तिकडं लक्ष दिलं नाही.

तेव्हापासून अम्मा प्रत्येक मॅचला यायची. पायऱ्यांवर, भिंतीकडेची शेवटची जागा तिची ठरलेली. खेळ तिला कळत नव्हता आणि कळून घ्यायचाही नव्हता. मी मैदानभर पळतेय, पडतेय, बॉल काढून घेतेय, आणि अम्मा मांडीवर विड्या वळल्यासारखी बोटं हलवत कुठं तरी बघत बसलेली. मला फाउल झाला, मी रेषेवर गेले, की तिची बोटं थांबायची आणि ती पुढं वाकायची. घरातून निघताना ती विचारायची, "आज तुला ढकलतील न्हवं कोण?" आपल्या पोरीला कुणी तरी आपटावं अशी वाट बघणारी आई मी दुसरी बघितली नाही. हसू यायचं. रात्री सतरंजीच्या कडेला पडल्यावर मात्र हसू यायचं नाही. अम्मा अक्काला बघायला येत होती, आणि मी अक्काला रेषेपर्यंत नेऊन सोडणारी रिक्षा होते. मला वाईट वाटायचं, आणि मेलेल्या बहिणीचा हेवा करतेय म्हणून आणखी वाईट वाटायचं.

अशात वैरागकडच्या मुलींशी मॅच झाली. त्यांच्यात एक उंच मुलगी होती, लांबून, तीन गुणांच्या रेषेबाहेरून बॉल टाकणारी. शेवटी आम्ही एका गुणानं पुढं, घड्याळात सेकंदभर राहिलेला, आणि मला फाउल झाला. दोन फ्री थ्रो. सरांनी मला जवळ बोलावून खालच्या आवाजात सांगितलं, "पहिला घाल. दुसरा चुकव."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. त्यांनी भराभर समजावलं. दोन्ही गेले तर आपण तीन गुणांनी पुढं; पण मग बॉल नियमानं त्यांच्या हातात, घड्याळ थांबलेलं, ते टाइम आउट घेणार, बॉल आपल्या रिंगजवळ आणून ठेवणार आणि ती उंच पोरगी तीन गुणांचा टाकून बरोबरी करणार. चुकवलास तर बॉलला कुणाचा हात लागताक्षणी घड्याळ सुरू होतं. त्यांना सगळं मैदान ओलांडून टाकायला लागंल, आणि तेवढ्यात वेळ संपलेली असंल. "पण रिंगला लागलं पायजे बघ. नुसतं हवेत सोडलंस तर बॉल त्यांना देतात."

मी रेषेवर गेले. पहिला गेला. दुसरा मी रिंगच्या पुढच्या कडेचा नेम धरून टाकला. आयुष्यभर माझे बॉल तिथंच आपटत आले, तेव्हा हे तरी मला जमायला हवं होतं. बॉल कडेवर आपटला, वर उडाला, रिंगवर एकदा फिरला, आणि आत पडला.

पुढं सरांनी सांगितलं तसंच झालं. टाइम आउट, उंच मुलगी, तीन गुण, बरोबरी, आणि जादा वेळेत आम्ही हरलो. कॅप्टन माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. बोलली तेव्हा म्हणाली, "तुला एक बॉल चुकवता येईना व्हय गं? इतकं काय नाव मिरवायचं?" मी चुकवायलाच टाकला होता, यावर कुणाचाही विश्वास बसला नाही. अम्मा मात्र खूश होती. दोन्ही गेले न्हवं. टीम हरली त्या दिवशी आमच्या घरात शिरा झाला, आणि मी तो खाल्ला.

मग सरांनी मला चुकवायला शिकवायचं ठरवलं. भर दुपारी, रोजचा सराव संपल्यावर, मी एकटी रेषेवर आणि सर रिंगखाली. कडेवर मार. गेला. जरा जोरात बोर्डवर मार. बोर्डवरून आत. डोळे मिटून टाक. डोळे मिटून टाकलेलाही आत. सुरुवातीला सर हसत होते. मग त्यांनी हसणं बंद केलं. मग त्यांनी रिंगखालून बॉल परत देणंही बंद केलं आणि बॉल तिथंच थोडा उड्या मारून सिमेंटवर थांबला. भिंतीपलीकडं माग चालू होते तरी मला सगळं गप्प झाल्यासारखं वाटलं.

"तिनं सुद्धा," सर म्हणाले, "मुद्दाम चुकव म्हणलं तर कधी ऐकलं न्हाय माझं. म्हणायची, सर, ते माझ्यानं होत न्हाय." तिची अशी आठवण त्यांनी पहिल्यांदाच काढली होती. "पुढच्या टायमाला शेवटच्या मिनिटात तुला बाहेर बसवीन मी. राग मानू नको."

राग कसला. टीमसाठी ते बरोबरच होतं. पण अम्मा शेवटपर्यंत पायऱ्यांवर बसून वाट बघणार आणि मी बाकावर, हे माझ्या डोळ्यांपुढं आलं. अम्माची बोटं मला पुन्हा दाराशी दिसली.

घरी आले तर अम्मा विड्या वळत बसलेली. मी तिच्यासमोर बसून म्हणाले, "अम्मा, एक वाईट वळून दाखव की. मुद्दाम."

"मुद्दाम कशाला वाईट वळायची?"

"बघायचंय मला."

तिनं हसत पान घेतलं, तंबाखू कमी टाकली, बोटं सैल सोडली. विडी झाली ती घट्ट आणि सरळ. तिनं दुसरं पान घेतलं. तीही सरळ. तिसऱ्या वेळी ती हाताकडं बघायला लागली आणि तिच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. तिनं सूप मांडीवरून खाली ठेवलं.

"ह्या हातांना माझ्या आईनं वळण लावलंय," ती म्हणाली. "त्यांना काय बी सांगितलं तरी ऐकत न्हाईत."

आम्ही दोघी थोडा वेळ त्या हातांकडं बघत बसलो. मला त्यांची भीती वाटली हे खरं आहे. मग मीच एक पान उचललं, डाव्या हातानं वळलं आणि दोरा गुंडाळला. विडी नेहमीसारखी उलटी, मध्ये फुगलेली, एका टोकाला उसवलेली. अम्मानं ती घेऊन उजेडात धरली आणि अक्का गेल्यापासून पहिल्यांदा आवाज करून हसली. "हे बघा. हे तेवढं तुझं." ती विडी तिनं छाटमध्ये टाकली नाही. सुपाच्या कोपऱ्यात ठेवली आणि कामाला लागली.

वैरागकडच्या मुलींशी परत गाठ पडली ती उन्हाळ्यात, आमच्याच मैदानावर. सकाळची मॅच लांबत लांबत बारावर गेलेली. पायऱ्यांवर छत्र्या, ओले टॉवेल, आणि भिंतीकडेच्या शेवटच्या जागेवर अम्मा, डोक्यावर पदर. शेवटचं मिनिट आलं तरी सरांना मला बाहेर काढायला सवड मिळाली नाही, कारण आमच्या दोघी आधीच फाउल भरून बाहेर गेल्या होत्या आणि बाकावर बसलेल्या पोरी सरांची नजर चुकवत होत्या. आणि मग, सगळं मागच्या वेळचं कुणी तरी परत मांडून ठेवल्यासारखं, आम्ही एका गुणानं पुढं, घड्याळात सेकंदभर, त्यांचा टाइम आउट शिल्लक, त्यांची उंच मुलगी ताजीतवानी, आणि धक्का मला बसलेला.

सर बाकाजवळ उभे होते. त्यांनी काही समजावलं नाही. "जमलं तर चुकव," एवढंच म्हणाले, आणि दुसरीकडं बघायला लागले.

पहिला बॉल. छिद्र वर, तळवा कमरेला, मान उजवीकडं. बॉल गेला, लोखंडाला कळलंही नाही. मी पायऱ्यांकडं बघितलं. अम्माची बोटं थांबलेली, ती पुढं वाकलेली, आणि तिचं तोंड उजळलेलं. माझ्यासाठी ते तोंड तसं कधी झालं नव्हतं.

पंचांनी बॉल परत माझ्या हातात दिला. तेवढ्यात भिंतीपलीकडची लाईट गेली. माग थांबले. पायऱ्यांवरची माणसं, आमची टीम, त्यांची टीम, सगळे गल्लीतल्या माणसांसारखे एकदम हळू झाले. बॉल उजव्या तळव्यावर जाऊन बसला होता. माझी मान आपोआप कलली. आणि मी खोटं सांगत नाही, त्या पांढऱ्या उजेडात, मान त्या अंगाला कलल्यावर, शेजारच्या खोलीत कुणी तरी असतं तसं मला वाटलं. हाक नाही, आवाज नाही. भिंतीपलीकडं माणूस असलं की भिंत कळते, तसं.

हा बॉल गेला तर टीम हरणार, ते मला माहीत होतं. हा हात बदलला तर अक्का जाणार, आणि अम्मा पुन्हा दाराशी बसणार, हेही मला माहीत होतं. एका बॉलसाठी आपल्या आईची भूक पणाला लावायची का? पंचांकडं असल्या प्रश्नाला वेळ नसतो. ते बोटांवर सेकंद मोजत होते. आणि मला राग आला. अक्काचा आला, की मेलीस तरी जागा अडवून आहेस. अम्माचा आला. सगळ्यात जास्त त्या उजव्या हाताचा आला, जो माझ्या खांद्याला लागलेला होता आणि माझं एक ऐकत नव्हता. मग राग कुठं गेला कोण जाणे. मला एकदम ती सतरंजी आठवली, आणि मी मनातल्या मनात रोजच्यासारखं म्हणाले, "अक्का, सरक की."

उजव्या हाताला मुंग्या आल्या. आखडलेला हात मोकळा होताना येतात तशा. मग तो हात साधा झाला, भाकरी मोडायचा हात. बॉल मी डाव्या तळव्यावर घेतला आणि माझ्या वाकड्या, उलट्या, छाटमधल्या हातानं टाकला.

तो बरोबर रिंगच्या पुढच्या कडेवर आपटला आणि बाहेर आला. उंच मुलीनं तो झेपावून पकडला, तिथून सगळ्या मैदानावरून फेकला, पण तोवर भोंगा वाजला होता. आम्ही जिंकलो. कॅप्टन माझ्या गळ्यात पडून रडत होती. "चुकवलास गं, चुकवलास," म्हणत होती, आणि लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं की या पोरीनं काय दिवे लावले.

पोरींच्या गर्दीतून मी पायऱ्यांकडं बघितलं. अम्मा भिंतीकडेच्या तिच्या जागेवर नव्हती. ती एक माणूस बसेल एवढी अलीकडं सरकून बसली होती. भिंतीकडेची जागा मोकळी. तिची बोटं हळूहळू चालू होती, पण दाराशी चालायची तशी नव्हे. काम चांगलं चाललेलं असताना चालतात तशी. आणि ती माझ्याकडं बघत होती. मी जिथं उभी होते तिथं नाही, माझ्याकडं.

घरी जायला आम्ही फाटकाबाहेरून रिक्षा केली. ती रिकामीच झाडाखाली उभी होती. अम्मा एका कडेला बसली, मी सवयीनं तिला चिकटून बसायला गेले, तर तिनं हातानं मला पलीकडच्या कडेला बसायला सांगितलं. रिक्षा निघाली. थोडं पुढं एका बाईनं हात केला, तेव्हा रिक्षावाला मागं न बघता म्हणाला, "मावशी, सरका की जरा, मधे जागा हाय. एक बाई बसतील."

"न्हाय," अम्मा म्हणाली. "भरलंय."

त्यानं आरशात बघितलं. मग त्यानं ती बाई तिथंच सोडली आणि घरापर्यंत परत कुणासाठी रिक्षा थांबवली नाही. मला राहवलं नाही म्हणून म्हणाले, "अम्मा, तो शेवटचा मी डाव्या हातानं टाकला."

"बघितलं की. तू डावा हात काढलास, तवाच ती येऊन बसली माझ्याजवळ."

मी तिच्याकडं वळले.

"किती दिवस उभी हुती उन्हात," अम्मा म्हणाली. "दमली असंल. मग काय, बसलो दोघी. दोघी बघत हुतो तुला."

तिनं पदरानं तोंडावरचा घाम पुसला आणि रस्त्याकडं बघायला लागली. मी माझा डावा हात आमच्या दोघींच्या मधल्या जागेवर ठेवला. झाडाखाली उभ्या राहिलेल्या रिक्षाचं रेक्झिन सगळीकडं गार होतं. मधे ते कोमट होतं, इतका वेळ कुणी बसलेलं असावं तसं. मी हात काढला नाही. घर येईपर्यंत तो तिथंच ठेवला, आणि अंग चोरून न बसता जरा पसरून बसले.